परतीच्या रुग्णवाहिकेतून समुद्राला

आत्याने समुद्राला जायचं जाहीर केलं तेव्हा ती डायलिसिसच्या खाटेवर पडलेली होती आणि तिच्या हाताला दोन नळ्या लावलेल्या होत्या. अशा अवस्थेतल्या माणसाशी भांडता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सोन्या, मला समुद्र बघायचाय. फार नाही, दोन रात्री. बुधवारी निघू, शुक्रवारी परत. गुरुवारची सुई तिकडेच टोचून घेईन."

गुरुवारची सुई म्हणजे जणू गुरुवारची दाढी, कुठल्याही गावात बसल्याजागी करून मिळणारी.

आता सोन्या म्हणजे कुणी शाळकरी मुलगा नव्हे. वय बावन्न. एका विमा कंपनीत दावे विभागाचा प्रमुख. त्याच्या केबिनबाहेर माणसं शर्टाची वरची गुंडी लावून आत येत. पण आत्याने त्याला पाळण्यात असताना जी हाक मारली तीच अजून चालू होती, आणि आत्याचा आवाज असा की एकदा हाक मारली की ती फक्त सोन्यालाच ऐकू जाईल, अशी सोय त्यात नव्हती. आयुष्यभर तिने वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून बाजार पालथे घातलेले; दुकानदार आणि काटे दोन्ही तिला बघून थरथरत असत. परिणामी डायलिसिस सेंटरमध्ये झाडूवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला सोन्याभाऊ म्हणत. त्याने एकदा डॉक्टरांना बाजूला घेऊन आपलं खरं नाव सांगून पाहिलं. डॉक्टरांनी लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, सोन्याजी."

आत्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडून दिलं होतं. त्यामुळे मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा तिला मशीनला जोडून घ्यावं लागे. चार-चार तास पडून राहायचं, मशीन रक्त धुऊन परत देणार आणि अंगात साठलेलं पाणी काढून घेणार. पाणी प्यायचं ते दिवसाला एक लिटर, त्यात चहा आला, वरण आलं, औषधाबरोबरचे घोट आले. जिने जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली तिलाच आता सुईआधी आणि सुईनंतर काट्यावर उभं करत, आणि हा अपमान तिला आजारापेक्षा जास्त झोंबत असे.

सोन्याने घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, या आशेने की ती तरी नको म्हणेल. ती शाळेत शिकवत असे, परीक्षेचे पेपर समोर होते. वर न बघता म्हणाली, "घेऊन जा की. मला रजा नाही. आत्यांनी आजवर आपल्याकडे काही मागितलंय का?"

सोन्याने आठवून पाहिलं. आत्याने आजवर बरंच काही मागितलं होतं, पण ते सगळं खुलासे आणि माफी या सदरात मोडत होतं. हौसेची वस्तू म्हणून काही नाही. तेव्हा जाणं आलं.

जाणं आलं म्हणजे खर्च आला. समुद्राकाठच्या त्या गावातल्या सेंटरने एका सुईचा जो आकडा सांगितला तो ऐकून सोन्याने फोन दुसऱ्या कानाला लावला, तिकडून कमी ऐकू येईल म्हणून. पण विमा होता. तोही स्वतःच्याच कंपनीचा. त्याने रीतसर अर्ज केला आणि दोन टेबलं पलीकडे बसणाऱ्या सहकाऱ्याकडे पाठवला. सहकारी संध्याकाळी खालमानेने आत आला.

"साहेब, बसत नाही. सहलीच्या दरम्यान घेतलेला उपचार हा हौसेचा उपचार समजावा, असा नियम आहे."

"हौसेचा? डायलिसिस? कुठल्या गाढवाने लिहिलाय हा नियम?"

सहकाऱ्याने बराच वेळ पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाली सही तुमची आहे, साहेब."

राहता राहिला प्रवास. रेल्वेच्या डब्याची पायरी आत्याच्या गुडघ्याला मान्य नव्हती. बसमध्ये तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवले की पायांना सूज येणार. सोन्याची स्वतःची गाडी होती, पण ती चढ दिसला की विचारात पडायची, आणि समुद्राच्या वाटेवर अख्खा घाट होता. टॅक्सीवाल्याने जाण्याचं, येण्याचं, थांबण्याचं आणि आपल्या जेवणाचं मिळून जे भाडं सांगितलं त्यावरून सोन्याला वाटलं आपण टॅक्सी विकतच घेतोय.

या चिंतेत तो जिन्यात उभा असताना वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर भेटले. त्यांनी नोकरीभर कालवे बांधले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांचा सल्ला सगळ्या सोसायटीभर विनामूल्य वाहत होता.

"टॅक्सी?" ते दुःखाने म्हणाले. "शिकले-सवरलेले ना तुम्ही? अहो, परतीची रुग्णवाहिका घ्या!"

"परतीची?"

"तिकडचे पेशंट इकडच्या मोठ्या हॉस्पिटलात येतात. पेशंट सोडला की गाडी रिकामी परत जाते. रिकामी! निम्म्या भाड्यात नेईल. शिवाय आडवं पडायची सोय. शिवाय रस्त्यात सगळे बाजूला होतात. मंत्र्याला मिळत नाही हो हे!"

सोन्या खर्चाच्या बाबतीत भाबडा होता. निम्मं हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे उरलेलं निम्मं नाचू लागे आणि बाकीचं दिसेनासं होई. त्याने होकार दिला.

बुधवारी सकाळी रुग्णवाहिका इमारतीच्या दारात येऊन उभी राहिली. पाठोपाठ एकेक करून सगळ्या गॅलऱ्या भरल्या. समोरच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, आत्या गेल्या की काय!" तेवढ्यात आत्या स्वतःच जिना उतरून आली. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर मोठ्या काठाची टोपी. तिने गॅलऱ्यांकडे पाहून हात हलवला आणि पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

"आत्या, तू मागे झोपायचंस," सोन्या म्हणाला.

"मी आडवी होणार नाही. आठवड्यातून तीनदा आडवी होते तेवढं पुरे. मला रस्ता बघायचाय."

ड्रायव्हर गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस होता. त्याने डोकं खाजवलं. "मग साहेब, मागे कुणीतरी आडवं पाहिजे. कागदावर मी पेशंट दाखवलाय. नाक्यावर दार उघडून बघतात. पेशंट नसला तर धंद्यासाठी माणसं भरली म्हणून दंड बसतो. दंड म्हणजे, टॅक्सीच्या भाड्याच्या वर."

सोन्या आडवा झाला. उशी फारच चपटी होती म्हणून त्याने आत्याची डायलिसिसची फाइल तिच्याखाली सरकवली. अंगावर पांढरी चादर घेतली. गॅलऱ्यांमध्ये आता नव्याने हळहळ सुरू झाली होती. दार बंद झालं.

नाक्यावर खरोखरच दार उघडलं गेलं. एक पोलीस आत डोकावला.

"काय झालंय यांना?"

"किडनी," ड्रायव्हर म्हणाला.

"वय काही फार दिसत नाही हो."

सोन्याला खोटं सहन होत नसे, निदान दुसऱ्यांचं तरी. तो कोपरावर उठून काही खुलासा करणार इतक्यात पुढून आत्याचा आवाज आला, "पडून राहा सोन्या. बोलू नकोस, दम लागेल." त्यातली माया ऐकून पोलिसाने टोपी काढली.

घाट चढून झाल्यावर ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. तो आणि आत्या उतरून गेले. सोन्याला उतरता येईना, कारण त्याच नाक्यावरचे आणखी दोन पोलीस मोटरसायकलवरून येऊन शेजारच्याच टेबलावर बसले होते. हवा यावी म्हणून मागचं दार उघडं ठेवलेलं. येणारे-जाणारे आत बघून हळूच पुढे जात. एका बाईंनी काही न बोलता त्याच्या उशाशी दोन केळी ठेवली. डायलिसिसच्या पेशंटला केळं वर्ज्य असतं, पण सोन्या पेशंट नव्हता आणि त्याला सडकून भूक लागली होती. त्याने अर्धं केळं एका घासात तोंडात कोंबलं आणि वर पाहिलं, तर दारात त्याच्या ऑफिसातला टायपिस्ट उभा.

"साहेब?" टायपिस्टचा आवाज कापला. "साहेब, तुम्ही?"

सोन्याने उत्तर द्यायचा प्रयत्न केला. केळं तोंडात होतं. ते गिळताना डोळे बाहेर आले, चेहरा लाल झाला, आणि तो फक्त एक हात वर करू शकला. हाताचा अर्थ 'थांब, सांगतो' असा होता. टायपिस्टने त्यातून वेगळाच अर्थ काढला. तो डोळे पुसत पुसत आपल्या बसकडे धावत गेला.

तासाभराने बायकोचा फोन आला.

"अहो, तुमच्या ऑफिसातून फोन होता. कोणीतरी रडतच विचारत होतं, साहेब गेले का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, हो, सकाळीच गेले."

सोन्या रुग्णवाहिकेत ताडकन उठून बसला आणि त्याचं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. त्याने लगोलग ऑफिसला फोन लावला. फोन बराच वेळ वाजला. शेवटी दोन टेबलं पलीकडच्या सहकाऱ्याने उचलला. सोन्याचा आवाज ऐकून त्याने आधी फोन टेबलावर ठेवला, मग पाणी प्यायला, मग पुन्हा उचलला. ऑफिस दोन मिनिटं उभं राहून अर्ध्या दिवसासाठी बंद झालं होतं, सगळे घरी गेले होते, हा कुलूप लावायला थांबला होता. सोन्या जिवंत असल्याचा त्याला आनंद झाला, यात शंका नाही. पण आनंद ओसरल्यावर तो काळजीने म्हणाला, "साहेब, मग ही अर्धी रजा आता कुणाच्या खात्यात टाकायची?"

हॉटेलात पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. रुग्णवाहिका पुढच्या पोर्चमध्ये शिरताच मॅनेजर दोन्ही हात पसरून धावत आला, अंगणात शिरलेली गाय हाकलावी तसा. "मागून! मागून घ्या! वर सहा कुटुंबं उतरलीत माझ्याकडे!" त्यांना स्वयंपाकघरातून आत नेण्यात आलं. जाता जाता आत्याने तिथल्या तराजूचं एक पारडं बोटाने दाबून पाहिलं आणि आचारी विनाकारण उभा राहिला.

खोलीचं जादा भाडं समुद्र दिसतो म्हणून होतं. खिडकीतून दिसत होती ती शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. सोन्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर शांतपणे त्याला न्हाणीघरात घेऊन गेला, स्टूल मांडलं आणि वरच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. सोन्या चढला. टाचा उंचावल्यावर दोन छपरांच्या मधून पट्टीएवढी राखाडी रेघ दिसली.

"दिसला का रे?" आत्या खाटेवरून ओरडली. तिला स्टुलावर चढणं शक्य नव्हतं.

"दिसला."

"कसा आहे?"

सोन्याने त्या रेघेकडे पुन्हा एकदा पाहिलं. "मोठा आहे," तो म्हणाला.

"उद्या सुई झाली की जाऊ," आत्या म्हणाली. "आज पाय जरा जड झालेत."

गुरुवारी सकाळी ते सेंटरला पोचले. तळमजल्यावर तातडीच्या पेशंटांचा विभाग, वर डायलिसिस. पाच खाटा, पाच मशीन, आणि या सगळ्यांवर एक उंच, घाईत असलेली सिस्टर.

तिने सोन्याचं नाव पुकारलं. तो पुढे झाला.

"काका, चपला काढा. काट्यावर उभे राहा."

गणवेशातल्या माणसाने हुकूम सोडला की आधी पाळायचा आणि मग विचार करायचा, ही सोन्याची शाळेपासूनची सवय. तो उभा राहिला.

"बरंच वाढलंय हो वजन. मागच्या वेळेपेक्षा किती?"

"मागच्या म्हणजे... वाढदिवसाला केलं होतं त्यापेक्षा?"

"पाणी फार पिता तुम्ही. इथे झोपा. कुठला हात?" तिने त्याची बाही वर केली, दंड चाचपला, मग दुसरा चाचपला. सुया टोचण्यासाठी डॉक्टर हातातली एक शीर ऑपरेशन करून फुगवून ठेवतात, ती तिला सापडेना. "शीर कुठाय तुमची?"

"अहो, शीर तिची आहे!" सोन्या किंचाळला आणि त्याने आत्याकडे बोट दाखवलं. "पेशंट ती आहे!"

"पहिल्या वेळी सगळे असंच म्हणतात," सिस्टर समजुतीने म्हणाली.

गोंधळ उलगडायला थोडा वेळ लागला. फोनवर नोंदणी करताना तिकडून विचारलं होतं, नाव? सोन्याने स्वतःचं सांगितलं. वय? तेही स्वतःचं. वडिलांच्या नावातली एक वेलांटी चुकली म्हणून लोकांचे दावे परत पाठवणारा हा माणूस, पण सेंटरच्या दप्तरात आज बावन्न वर्षांचा एक पुरुष डायलिसिसला आला होता आणि तो नको म्हणत होता.

"ठीक आहे, पेशंट बदला," सिस्टर म्हणाली. "फाइल द्या. रक्ताचे रिपोर्ट, मागचे कागद, डॉक्टरांचं पत्र. त्याशिवाय मी मशीन लावत नाही."

"आणलीय की," म्हणत सोन्याने काखेकडे हात नेला. काखेत काही नव्हतं. फाइल रुग्णवाहिकेत होती, चपट्या उशीच्या खाली.

"अर्ध्या तासात आणा. नाहीतर मशीन पुढच्याला देईन, दुपारी तर सगळं भरलेलं आहे. मग शनिवारी या."

तोवर आत्याचं वजन झालं होतं. आकडा ऐकून आत्याने काट्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हा काटा खोटा आहे. याच्यावर तपासणीचा शिक्का कधीचा आहे? दाखवा."

"काटा बरोबर आहे, आजी."

"मी तीस वर्षं हेच ऐकत आलेय," आत्या म्हणाली, पण म्हणता म्हणता बाकावर बसली. तिला धाप लागली होती. सोन्याने तिच्या पायांकडे पाहिलं. घोट्याशी सँडलचा पट्टा रुतला होता. त्याने वाकून पट्टा सैल केला, तिथे बोटाने दाबलं, तर बोट काढल्यावरही खळगा तसाच राहिला. शनिवारपर्यंत हे चालणारं नव्हतं, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

"नाहीच जमलं तर परत जाऊ, सोन्या," आत्या हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज खोलीबाहेर न जाणं ही सोन्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. "समुद्र काय, तिथेच राहील. तुझा खर्च मात्र फुकट गेला रे."

सोन्या उठून उभा राहिला. त्याने ड्रायव्हरला फोन लावला आणि दावे विभागात कधी न वापरलेल्या आवाजात सांगितलं, "कुठेही असलास तरी ये. फाइल घेऊन ये. आत्ताच्या आत्ता."

ड्रायव्हर गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. पण साहेबांच्या आवाजाने तो हबकला आणि त्याला जे येत होतं ते त्याने केलं. भोंगा लावला, दिवे लावले आणि भर बाजारातून गाडी सोडली. भोंगा ऐकून तळमजल्यावरच्या तातडीच्या विभागाने स्ट्रेचर बाहेर काढला, ऑक्सिजनची टाकी ढकलत आणली, एक तरुण डॉक्टर कानात नळ्या अडकवून दारात सज्ज उभा राहिला. सोन्या जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या उतरत आला. रुग्णवाहिका कचकन थांबली. मागचं दार उघडलं. ड्रायव्हरने आत हात घालून एक निळी प्लास्टिकची फाइल काढली आणि डॉक्टरच्या हातात दिली.

डॉक्टरने फाइलकडे पाहिलं. मग रुग्णवाहिकेच्या आत पाहिलं. मग पुन्हा फाइलकडे.

"पेशंट कुठाय?"

"वर बसलाय," सोन्या म्हणाला, फाइल हिसकावली आणि पळाला. पाठीमागे डॉक्टर जे काही बोलला ते वैद्यकीय नव्हतं.

ड्रायव्हर मागोमाग वर आला. आत्याला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. "बऱ्या आहात ना आत्याबाई? मला वाटलं, कालची ती दोन आइस्क्रीम बाधली की काय."

सिस्टरने आत्याकडे पाहिलं, सोन्याने आत्याकडे पाहिलं. त्याने चादर पांघरून दुसऱ्याची केळी खाल्ली होती तेव्हा पुढे काय चाललं होतं, ते त्याला आत्ता कळलं.

आत्या निरीक्षकाच्या जुन्या, कोरड्या आवाजात म्हणाली, "काटा निर्दोष आहे. तक्रार मागे."

पण वेळ टळून गेली होती. त्या मशीनवर पुढचा पेशंट येऊन आडवाही झाला होता. गावातले एक शिंपीकाका, बारीक, गळ्यात अजून टेप तशीच. सिस्टर त्यांना सुई टोचणार इतक्यात त्यांनी हात मागे घेतला.

"यांना बसवा आधी. मी थांबतो."

"काका, तुम्हाला दुपार होईल."

"होऊ दे. मला कुठे जायचंय? त्या पाहुण्या आहेत." ते खाली उतरले आणि खाटेवरची चादर स्वतःच सरळ केली.

सोन्याने शिंपीकाकांचा हात धरून तो बराच वेळ हलवला, आणि सिस्टरने त्याला खोलीबाहेर काढलं.

आत चार तास गप्पा चालल्या. दारातून सोन्याला सगळं ऐकू येत होतं. आत्याच्या डावीकडे पोस्टात नोकरी केलेल्या एक बाई होत्या, उजवीकडे एक घड्याळजी, जे सिस्टरच्या सांगण्याप्रमाणे कधीच बोलत नसत. शिंपीकाका मध्ये स्टूल टाकून बसले होते.

"तुमची चैन आहे," आत्या म्हणाली. "उठलं की समुद्र. रोज जात असाल."

शिंपीकाकांनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली.

"तीन वर्षं झाली," शिंपीकाका म्हणाले. "मुलगा म्हणतो, जाऊ एकदा. सुई असते त्या दिवशी माझ्यात त्राण नसतं, आणि नसते त्या दिवशी त्याला वेळ नसतो."

"रिक्षा वाळूपर्यंत जात नाही," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "आणि वाळूत चालणं मला झेपत नाही. सून म्हणते, टीव्हीवर दाखवतात की."

घड्याळजी छताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आवाज येतो घरात." बस्स, एवढंच.

थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आली. आता तिचा चेहरा निवळला होता. "सोन्याकाका, उद्या सकाळी गाडी आमच्या दारात आणा. तुमच्या आत्या धरून चार जण आहेत. मी विचारलंय डॉक्टरांना, जाऊ देत म्हणाले. पण पाणी कुणी जास्त प्यायचं नाही आणि आइस्क्रीम अजिबात नाही."

खाली ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. सोन्याने उद्याचं सांगितलं. ड्रायव्हरने बोटांवर काही हिशेब केला आणि आकडा सांगितला. सोन्याने पाकीट काढलं आणि मोजून तेवढे पैसे दिले. त्याने घासाघीस केली नाही हे बघून ड्रायव्हर गांगरला. त्याने पैशांकडे संशयाने पाहिलं, थोडे परत केले, दोन पावलं गेला आणि येऊन आणखी थोडे परत केले.

शुक्रवारी सकाळी रुग्णवाहिका वाळूच्या कडेपर्यंत गेली. भोंग्याची गरज पडली नाही, लोक आपणहून बाजूला होत होते आणि माना खाली घालत होते. हॉटेलच्या मॅनेजरने चार प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या, त्याही हसतमुखाने, फक्त मागच्या दाराने न्या म्हणाला. सोन्या आणि ड्रायव्हरने दोघांनी मिळून एकेकाला खुर्चीसकट उचलून पाण्यापर्यंत नेलं. पोस्टातल्या बाई उचलताना ओरडल्या, खाली ठेवल्यावर हसल्या. शिंपीकाकांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, अगदी सरळ, इस्त्रीच्या घडीसारखी. आत्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. चौघांचे पाय पाण्यात गेले.

पहिली लाट आली, घोट्यांना लागली आणि वाळू ओढत परत गेली. दुसरी आली. घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ सोडलं, न बोलता मागे सोन्याच्या हातात दिलं आणि दोन्ही हात पाण्यात बुडवले.

"केवढं पाणी रे, सोन्या," आत्या म्हणाली. "आणि मापायला कुणी नाही."

सोन्या मागे कोरड्या वाळूत उभा होता. आज त्याने पहिल्यांदाच समुद्र स्टुलाशिवाय पाहिला. तो राखाडी नव्हता. काय रंग होता ते त्याला नीट सांगता आलं नसतं, आणि तसा त्याला फार वेळही मिळाला नाही, कारण त्याच्याकडे सांभाळायला बरंच होतं. चार जोड चपला त्याने पुढ्यात ओळीने मांडल्या होत्या. हातात घड्याळ, खांद्यावर पोस्टातल्या बाईंची पर्स, आणि रुमालात शिंपीकाकांची कवळी, कारण वाऱ्यावर हसताना ती निसटेल अशी त्यांना भीती वाटत होती. तिकडे एक मोठी लाट चौघांच्या गुडघ्यापर्यंत आली आणि आत्या इतक्या मोठ्यांदा हसली की किनाऱ्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं.

तेवढ्यात सहलीला आलेलं एक मोठं कुटुंब त्याच्यापाशी येऊन थांबलं. कुटुंबप्रमुखाने चपलांची ओळ पाहिली, सोन्याला पाहिलं, आणि भराभर आपल्या सगळ्यांच्या चपला काढून ओळीच्या शेवटी लावल्या.

"ह्या पण बघा जरा. जोडीमागे किती घेता?"

सोन्या ताठ झाला. आपण कोण आहोत, आपल्या हाताखाली किती माणसं आहेत आणि आपल्या केबिनमध्ये शिरताना लोक काय काय करतात, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं. पण पाण्यातून पुन्हा हसण्याचा आवाज आला. त्याने तिकडे पाहिलं. मग त्या माणसाच्या चपला पायाने जरा सरळ केल्या.

"आधी पैसे द्या," तो म्हणाला. "आणि पावती मिळणार नाही."